लमेटा: लाव्हाखाली दबलेली विदर्भाची चिकणमाती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चंद्रपूर-नागपूरकडे डायनासोरची हाडं सापडतात हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती ज्या मातीत सापडतात तिच्याबद्दल मात्र कुणी फारसं विचारत नाही. इथले बरेचसे प्रश्न हाडांवरून सुरू झालेले आहेत आणि उत्तरं मी जाणूनबुजून मातीकडे वळवली आहेत. या प्रदेशाचा इतिहास हाडांपेक्षा मातीतच जास्त लिहिलेला आहे, असं माझं मत आहे.

लमेटा म्हणजे नेमकं काय?

दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या डेक्कन ट्रॅपच्या अगदी तळाशी, गाळाच्या खडकांचा एक पातळ संच आहे. त्यात लाल आणि हिरवट चिकणमाती, गाळवट माती, वालुकाश्म, मातकट चुनखडी आणि चुन्याच्या गाठी असतात. हा संच म्हणजे लमेटा फॉर्मेशन. जाडी फार नाही. कुठे दोन-चार मीटर, कुठे वीस-पंचवीस, जबलपूरकडे थोडी जास्त. सह्याद्रीत हजार मीटरहून अधिक जाडीचा लाव्हा बघायची सवय असलेल्या माणसाला हे अगदीच किरकोळ वाटेल. पण लाव्हा येण्याआधी इथे जमीन कशी होती, पाऊस कसा पडायचा आणि काय चरत होतं, हे सांगणारा मध्य भारतातला मुख्य पुरावा या पातळ थरातच आहे.

त्याचा काळ क्रिटेशसचा अखेरचा टप्पा, म्हणजे मास्ट्रिक्टियन. साधारण ७.२ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

नाव जबलपूरकडचं आणि खडक चंद्रपूरचा, असं का?

भूविज्ञानात खडकाच्या संचाला तो जिथे प्रथम नीट वर्णिला गेला त्या जागेचं नाव मिळतं. नर्मदेकाठी, भेडाघाटच्या संगमरवरापासून जवळच, लमेटा घाट आहे. तिथल्या थरांवरून भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी १८६० मध्ये हे नाव रूढ केलं. पुढे गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात ट्रॅपच्या तळाशी तसेच थर सापडत गेले आणि त्यांनाही तेच नाव लागलं.

यात एक गफलत होण्याचा धोका आहे. लमेटा ही सलग पसरलेली चादर नाही. वेगवेगळ्या खोलगट भागांत वेगवेगळा साचलेला हा गाळ आहे. अभ्यासक म्हणून नंद-डोंगरगाव, जबलपूर, सागर, बालासिनोर-झाबुआ, अंबिकापूर-अमरकंटक अशी खोऱ्यांची वेगळी नावं घेतात. त्यामुळे जबलपूरचा थरांचा क्रम जसाच्या तसा वरोऱ्याला शोधायला गेलात तर निराश व्हाल. वरोऱ्याकडे मातीचा भरणा जास्त आहे.

महाराष्ट्रात तो कुठे उघडा पडलेला दिसतो?

सगळा पूर्व विदर्भात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या आसपास पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावं जगभरच्या शोधनिबंधांत आहेत. तिथून नागपूर जिल्ह्यातल्या नंदपर्यंतचा पट्टा म्हणजे नंद-डोंगरगाव खोरं. दुसरी जागा अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सालबर्डी. तिथले लमेटाचे थर राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात जातात.

नागपूर शहराची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. शहराच्या पश्चिमेला ट्रॅप आणि पूर्वेला फार जुना ग्नाइस (उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक). या दोघांच्या सीमेवर काही ठिकाणी लमेटाची पातळ किनार येते. बांधकामांखाली ती आता बहुतेक झाकली गेली आहे.

पुणे, नाशिक, सातारा, कोकण इथे लमेटा दिसत नाही. तिथे लाव्हाचा तळच जमिनीच्या वर येत नाही. लमेटा दिसतो तो ट्रॅपच्या कडेला, जिथे वरचा पाषाण झिजून संपत आला आहे. नकाशावर ट्रॅपची पूर्व सीमा बोटाने आखत गेलात की त्या रेघेवरच ही गावं सापडतील.

चिकणमाती म्हणताय, मग ‘खडक’ कसा?

रास्त शंका. भूविज्ञानात खडक कठीण असलाच पाहिजे अशी अट नाही. मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाहूनही बारीक कण साचले, दबले, त्यातलं पाणी निघून गेलं की जे बनतं त्याला मडस्टोन किंवा क्लेस्टोन म्हणतात. पापुद्र्यांनी सुटत असेल तर शेल. लमेटाची माती बऱ्याच ठिकाणी धड दगड नाही आणि धड मातीही नाही.

हिरवट थरातलं लिंबाएवढं सुकं ढेकूळ हातात घेतलं तर ते चांगलंच टणक लागतं आणि नखाने ओरखडा मारला की चकाकी दिसते. तेच ढेकूळ वाटीभर पाण्यात सोडा. आधी बुडबुडे येतात, मग कडा सुटायला लागतात आणि थोड्या वेळात तळाशी चिखलाचा ढीग उरतो. त्यातून मुगाएवढे-बोराएवढे पांढरट खडे वेगळे निघतात. ते चुन्याचे. त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतात. मातीवर टाकला तर काही वेळा फसफसतं, काही वेळा नाही. शाळेतल्या मुलांना लमेटा शिकवायचा असेल तर एवढा प्रयोग पुरतो. आम्ल मात्र शिक्षकाच्याच हाती असावं.

पाण्यात असं फुगून सुटणं हे स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचं काम. आपल्या कापसाच्या काळ्या मातीत भेगा पाडणारं खनिज याच गटातलं.

ही माती आली कुठून?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न, आणि याचं उत्तर अजून पूर्ण मिटलेलं नाही. सरळ उत्तर असं: आसपासचे जुने खडक झिजले, म्हणजे ग्नाइस, गोंडवाना काळातले (कोळशाच्या थरांसोबतचे, लमेटाहून कितीतरी जुने) वालुकाश्म वगैरे, आणि तो गाळ ओढ्या-नद्यांनी सखल भागात आणून टाकला. वाळू आणि गोटे पाहिले तर हे पटतं.

पण बारीक मातीचं रसायन वेगळं काही सुचवतं. जबलपूरकडच्या लमेटा मातीची तुलना काही अभ्यासकांनी १९९० च्या दशकात झिजलेल्या दख्खनी बेसॉल्टशी, म्हणजे ट्रॅपच्या काळ्या पाषाणाशी केली, तेव्हा खनिजं आणि मूलद्रव्यं या दोन्ही बाबतींत साम्य दिसलं. त्यांचं म्हणणं असं की लमेटा साचत असताना दूर कुठेतरी लाव्हा आधीच येऊन गेला होता आणि त्याच्या झिजेचा गाळ वाहत इथवर आला. हे खरं धरलं तर ‘आधी लमेटा, मग लाव्हा’ हे पाठ्यपुस्तकी वाक्य एका गावापुरतंच खरं ठरतं. पूर्ण प्रदेशाचा विचार केला तर दोन्ही गोष्टी काही काळ बरोबरच चालू होत्या. मला हे म्हणणं पटण्यासारखं वाटतं. मात्र प्रत्येक खोऱ्याला ते सरसकट लावू नये. नंद-डोंगरगावात गोंडवाना खडक इतके जवळ आहेत की तिथे स्थानिक गाळाचा वाटा मोठा असणारच.

एकाच थरात लाल आणि हिरवा रंग कसा?

लोह तेच, त्याची अवस्था वेगळी. गाळ उघड्यावर, हवेत सुकत राहिला की लोहाला गंज चढतो आणि माती लाल होते. पाणी साचून हवा पोहोचली नाही की तेच लोह हिरवट-करडं राहतं. पिसदुऱ्याला लाल माती ठळक आहे, म्हणजे तिथला पूरमैदानाचा भाग बराच काळ कोरडा पडत असे. मुळांच्या जागी किंवा भेगांच्या कडेने हिरवट पट्टे उतरलेले दिसतात, कारण कुजणाऱ्या मुळांनी आजूबाजूचा प्राणवायू संपवला. जबलपूरला तर एका थराचं नावच ‘डागाळलेला गाठाळ थर’ अशा अर्थाचं आहे. ते डाग म्हणजे ओल आणि कोरड यांची आळीपाळी.

इथे समुद्र होता असं ऐकलं. खरं काय?

या प्रश्नावर भूवैज्ञानिक दीर्घकाळ भांडले आहेत. जबलपूरच्या क्रमात तळाला हिरवा वालुकाश्म आहे, त्यावर खालची चुनखडी, मग तो डागाळलेला गाठाळ थर, वरची चुनखडी आणि वरचा वालुकाश्म. हिरवी वाळू आणि चुनखडी म्हटलं की समुद्र आठवतो. शिवाय पश्चिमेला नर्मदेच्या खोऱ्यात लमेटाखाली बाघचे थर आहेत आणि ते खरोखरच समुद्री आहेत, पण वयाने जुने. तेव्हा समुद्राचा एखादा फाटा जबलपूरपर्यंत आला असेल, असं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाही ठामपणे मांडलं जात होतं.

पारडं फिरवलं ते मातीने. १९८७ मध्ये ब्रुकफील्ड आणि अशोक साहनी यांनी दाखवलं की या थरांत जुन्या जमिनींच्या, म्हणजे तेव्हाच्या मृदेच्या खुणा आहेत: मुळांच्या नळ्या, उघड्यावर सुकून पडलेल्या भेगा, चुन्याच्या गाठी. पुढे टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या चुनखडीचा बारकाईने अभ्यास केला. ती समुद्राच्या तळाशी साचलेली नसून जमिनीतच चुना गोठून बनलेली कॅल्क्रीट आहे, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडे भारी जमिनीत खणताना चुनखड लागते, तीच प्रक्रिया, पण हजारो वर्षं चाललेली. आज बहुसंख्य अभ्यासक लमेटाला जमिनीवरचा, गोड्या पाण्याचा गाळ मानतात: हंगामी ओढे, पूरमैदानं, दलदली, उथळ तळी. नंद-डोंगरगावबद्दल तर वादाला फारशी जागाच नाही. तिथले मासे, कासवं, गोगलगायी आणि शिंपल्यांसारख्या कवचाचे सूक्ष्म ऑस्ट्राकॉड गोड्या पाण्याचीच साक्ष देतात.

तेव्हाचं हवामान कसं होतं, आणि ते मातीवरून कसं कळतं?

निमकोरडं, पण ठरावीक काळ पाऊस असलेलं. पुरावे तीन.

पहिला पुरावा त्या चुन्याच्या गाठींचा. भरपूर पाऊस असेल तर चुना विरघळून वाहून जातो. पाऊस बेताचा आणि बाष्पीभवन जास्त असेल तरच तो जमिनीत गोठतो.

दुसरा आहे पॅलीगॉर्स्काइट नावाचं तंतुमय मातीखनिज. ते कोरड्या, क्षारयुक्त परिस्थितीत तयार होतं, आणि लमेटात अनेक ठिकाणी नोंदलेलं आहे.

तिसरा डोळ्यांनी दिसतो. मातीचं ढेकूळ फोडलं की आत तिरकस, घासून चकचकीत झालेले पृष्ठभाग सापडतात. फुगणारी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वर्षानुवर्षं तिचे तुकडे एकमेकांवर घासतात, तेव्हा असे पृष्ठभाग तयार होतात. विदर्भातल्या कुठल्याही काळ्या रानात मीटरभर खणलं तर आजही तेच दिसेल.

भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला एक मोठं बेट होता आणि हिमालय जन्माला यायचा होता. म्हणून आजच्या मान्सूनशी थेट तुलना करू नये.

वय कशावरून ठरवलं?

लमेटाच्या मातीत सहसा थेट कालमापन करता येईल असं खनिज मिळत नाही. म्हणून आडवळणाने जावं लागतं. वरच्या लाव्हाचं वय किरणोत्सर्गी पद्धतीने सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं, म्हणजे लमेटा त्याच्याइतका किंवा त्याहून जुना. आतले डायनासोर, परागकण आणि ऑस्ट्राकॉड क्रिटेशसच्या शेवटाकडे बोट दाखवतात. थरांत टिकलेली चुंबकीय दिशा तपासून पृथ्वीचं चुंबकत्व तेव्हा सुलट होतं की उलट, तेही पाहिलं जातं. या सगळ्यांचा मेळ मास्ट्रिक्टियनशी बसतो.

घाटात रस्त्याच्या कापात दिसणारा लाल पट्टा म्हणजे लमेटाच ना?

नाही. ट्रेकर मंडळींचा हा नेहमीचा गोंधळ. तो पट्टा दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये असतो. एक प्रवाह थिजला, त्याचा माथा झिजून माती झाला, मग वर दुसरा प्रवाह आला, अशी त्याची साधारण कहाणी. लमेटा सगळ्या प्रवाहांच्या खाली असतो. पुण्या-साताऱ्यात लाल पट्टा दिसला तर तो लमेटा नाही, एवढं डोळे मिटून सांगता येतं.

मग ‘इंटरट्रॅपियन’ काय?

दोन प्रवाहांच्या मधल्या काळात साचलेला तळ्याचा-ओढ्याचा गाळ. नागपूरजवळचं टाकळी, छिंदवाड्याकडचं मोहगाव कलान, मुंबईत वरळीचे बेडकांचे जीवाश्म असलेले थर, हे सगळे इंटरट्रॅपियन. बऱ्याचदा ते गारगोटीसारखे टणक असतात आणि त्यातल्या वनस्पती अप्रतिम टिकलेल्या असतात. लमेटाला जुन्या लिखाणात ‘इन्फ्राट्रॅपियन’ म्हणजे ट्रॅपखालचा म्हणत.

डायनासोरचा शोध इथे कधी लागला?

१८२८ मध्ये, जबलपूरला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच इंग्रज अधिकारी स्लीमन. बारा सिमला टेकडीवर त्याला दगड झालेली हाडं मिळाली. डायनासोर हा शब्दही तेव्हा तयार झालेला नव्हता. ती हाडं पुढे कलकत्त्याला गेली आणि १८७७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. नंतर हे मणके हरवले असंच धरलं जात होतं. त्यातला एक २०१२ मध्ये कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. दरम्यान २००३ मध्ये, ज्या खुणांवरून हे नाव दिलं त्या अनेक प्राण्यांत आढळतात म्हणून, नावच बाद ठरवण्यात आलं होतं.

विदर्भाचा धागा नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्याकडे जातो. मिशनरी म्हणून आले, पण सुटीचा वेळ दगडांत घातला. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर १८५० च्या दशकात लिहिलं, आणि पिसदुऱ्याची हाडं अभ्यासकांपर्यंत पोहोचली तीही हिस्लॉपमुळे. १८६३ मध्ये ते नदी ओलांडताना बुडून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं.

जबलपूरला पुढे चार्ल्स मॅटली यांनी मोठं उत्खनन केलं. १९३३ मध्ये फॉन ह्युने आणि मॅटली यांच्या ग्रंथात इंडोसुकस, इंडोसॉरस, लेविसुकस अशा मांसाहारींची नावं आली. गुजरातच्या रहिओलीतून निघालेला राजासॉरस नर्मदेन्सिस हे २००३ मधलं नाव. त्याचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये सापडतात, आणि त्या बेटाशी असलेला आपला जुना संबंध पाहता त्यात नवल नाही.

पिसदुऱ्यात एवढं काय आहे?

शेण! गंमत नाही. तिथल्या लाल मातीतून हाडांबरोबरच दगड झालेली विष्ठा, म्हणजे कोप्रोलाइट, ढिगाने मिळते. शेत नांगरलं, पाऊस पडला, माती धुतली गेली की वर तपकिरी-करडे लंबगोल दगड उरतात. काही अंगठ्याएवढे, काही मुठीत न मावणारे. एका टोकाला निमुळते, अंगावर आडव्या वळ्या. मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांचे आकारावरून प्रकार पाडले.

त्यांची खरी किंमत कळली २००५ मध्ये. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ही विष्ठा विरघळवून आतले फायटोलिथ तपासले. फायटोलिथ म्हणजे झाडाच्या पेशींत साचणारे वाळूच्या द्रव्याचे सूक्ष्म साचे. झाड कुजलं तरी ते टिकतात आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचा गट ओळखता येतो. ताड कुळातल्या झाडांचे, सूचिपर्णी गटाचे साचे निघाले, आणि त्यांच्यासोबत गवताचे, तेही एकाहून अधिक प्रकारच्या. तोवर समज असा होता की गवतं डायनासोर गेल्यावरच पसरली. प्राण्यांची चित्रं काढणाऱ्यांना तर डायनासोरच्या पायाखाली गवत दाखवायची बंदीच होती. विदर्भातल्या शेणाने ती उठवली. २०११ मध्ये याच कोप्रोलाइटच्या पुढच्या अभ्यासातून भाताच्या गटातल्या गवतांचा माग क्रिटेशसपर्यंत गेला.

प्रत्येक कोप्रोलाइट टायटॅनोसॉरचाच, म्हणजे लांब मानेच्या मोठ्या शाकाहारी डायनासोरचाच, असं मात्र म्हणता येत नाही. त्याच थरात कासवं होती आणि मॅड्सोइया पिसदुरेन्सिस हा मोठा सापही होता. त्या सापाच्या नावातही गावाचं नाव आलं आहे.

आणि डोंगरगाव?

तिथे तळं होतं. बारीक थरांची माती आणि चुनखडी, त्यात मासे आणि वनस्पतींचे अवशेष. मात्र डोंगरगाव प्रसिद्ध आहे ते इसिसॉरस कोलबर्टी या टायटॅनोसॉरसाठी. १९८० च्या दशकात सोहनलाल जैन यांच्या चमूने त्याचा बराच सांगाडा इथून काढला, १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे वेगळं नाव मिळालं. पहिली तीन इंग्रजी अक्षरं (ISI) इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची. संख्याशास्त्राच्या संस्थेने डायनासोर का खणावेत, असं सगळे विचारतात. संस्थापक महालनोबिस यांनी तिथे भूविज्ञानाचा विभागही काढला होता, म्हणून. भारतात एकाच प्राण्याची इतकी हाडं एकत्र मिळणं फार दुर्मीळ.

अंडी मातीत सापडतात का?

बहुतेक नाही. हाडं आणि कोप्रोलाइट चिकणमातीत, तर अंडी वाळूमिश्रित, चुनकट थरात, असा सर्वसाधारण नमुना आहे. माद्या बहुधा सैल, निचरा होणाऱ्या जमिनीत खड्डा करत आणि पुढे चुन्याने तो सगळा भाग गोठवून अंडी सांभाळली. चंद्रपूर जिल्ह्यात पवना इथे ती नोंदलेली आहेत. पण मोठा साठा गुजरातच्या बालासिनोर भागात आणि मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात आहे. २०२३ च्या जानेवारीत धारच्या परिसरातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा निबंध आला. त्याच वर्षी बातमी झाली की तिथल्या पाडल्या गावात अशाच गोल दगडांची ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान् पिढ्या पूजा होत होती. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. पूजेमुळे ते दगड निदान फुटले तरी नाहीत.

गुजरातच्या ढोली डुंगरीत तर घरट्यात अंडी, नुकतं बाहेर आलेलं पिल्लू आणि त्यांच्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, असं सगळं एकत्र सापडलं. तो सनाजेह इंडिकस, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला.

लाव्हामुळे डायनासोर मेले, असं लमेटा सांगतो का?

एकटा लमेटा सांगू शकत नाही, कारण तो लाव्हा पोहोचण्याआधीच संपतो. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. कच्छमधल्या अंजारसारख्या इंटरट्रॅपियन थरांतही डायनासोरचे अवशेष आहेत. म्हणजे पहिले प्रवाह आल्यावरही ते होते. मेक्सिकोतला उल्कापात आणि दख्खनचा लाव्हा यांत कुणाचा वाटा किती, हा वाद चालू आहे.

सिरोंच्याचं वडधम जीवाश्म उद्यान लमेटातच येतं का?

नाही. गडचिरोलीतले ते खडक गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातले, कितीतरी जुने. बारापासॉरस हा डायनासोरही त्याच खोऱ्यातल्या ज्युरासिक काळच्या कोटा फॉर्मेशनचा. विदर्भात डायनासोर म्हटलं की वर्तमानपत्रं दोन्ही एकाच बातमीत घालतात.

चंद्रपूरचे सिमेंट कारखाने आणि कोळसा खाणी याच खडकावर आहेत का?

सिमेंटची चुनखडी पैनगंगा गटातली, डायनासोरच काय, प्राणी म्हणावेत असं काही जन्मण्याच्याही आधीची. कोळसा गोंडवानाचा. वर्धा खोऱ्यात ढोबळमानाने खालून वर असा क्रम लागतो: जुने खडक, गोंडवानाचे कोळशाचे थर, कामठीचे वालुकाश्म, लमेटा, ट्रॅप. सगळीकडे सगळे थर असतातच असं नाही.

शेतात विहीर किंवा बोअर घ्यायची आहे. खाली लमेटा लागला तर?

चिकणमाती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. म्हणून लमेटातल्या मातीच्या भागाकडून जास्त आशा ठेवू नये. वाळूचा किंवा फटी पडलेल्या चुनखडीचा पट्टा लागला तर बेताचं पाणी मिळतं. बोअर ट्रॅपमधून निघून या मातीत शिरली की भिंत ढासळू शकते, त्यामुळे तेवढ्या भागात केसिंग पाइप लागतो. बोअरमधून वर येणारा चुरा काळा होता आणि अचानक लालसर-हिरवा चिखल यायला लागला, तर ट्रॅपचा तळ गाठला असं समजावं आणि आणखी खोल जायचं का, याचा खर्चासकट विचार करावा. भूजल सर्वेक्षणाच्या माणसाला तो चुरा दाखवा. बोअर मारणाऱ्याचा सल्ला बहुधा ‘अजून शंभर फूट’ एवढाच असतो.

घर बांधायचं असेल तर फुगणाऱ्या काळ्या मातीला जी काळजी घेतो तीच इथेही. पायाखाली पाणी मुरणार नाही अशी व्यवस्था हवी आणि माती तपासून घ्यायला हवी.

शेतात जड, विचित्र दगड सापडला. हाड आहे की नुसता दगड?

तुटलेली बाजू बघा. हाड असेल तर बाहेर दाट कडा आणि आत जाळीदार, स्पंजासारखी रचना दिसते. साधं भिंगही पुरेसं. नुसता गोल आकार पाहून अंडं समजू नका. चुन्याच्या गाठी आणि गोल सुटणारा बेसॉल्ट दोन्ही फसवतात. अंड्याच्या कवचाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची वेगळी साल असते आणि तिच्यावर बारीक दाणे असतात.

दगड उचलून घरी आणण्याआधी जागेवरच, शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून, फोटो घ्या. मोबाइलमध्ये ठिकाण नोंदवा. कुठल्या थरात होता हे कळलं नाही तर हाडाची निम्मी माहिती गेली. नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे आणि नागपूर विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग आहे. दोन्हीकडे दाखवता येतं.

जीवाश्म विकत घेणं, विकणं चालतं का?

जीवाश्मांसाठी स्वतंत्र आणि पुरेसा कडक केंद्रीय कायदा व्हावा ही जुनी मागणी आहे. भूवारसा स्थळांसाठीच्या विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये आला होता. कायद्याचं काहीही असो, विकत घेऊ नका. गिऱ्हाईक मिळालं की शेतं उकरली जातात आणि थराचा संदर्भ कायमचा नष्ट होतो.

प्रत्यक्ष बघायला कुठे जावं?

पहिल्यांदा जात असाल तर जबलपूर. लमेटा घाटाला थरांचा क्रम समोर उभा दिसतो. भेडाघाट-लमेटा घाट परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. हाडं आणि अंडी मांडलेली पाहायची तर बालासिनोरजवळचं रहिओली.

पिसदुरा आणि डोंगरगाव इथे पर्यटनस्थळ असं काही नाही. ती लोकांची कापूस-सोयाबीनची शेतं आहेत. पीक उभं असताना जाऊन उपयोगही नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये, रानं मोकळी झाल्यावर, आधी मालकाला विचारून जा. हातोडा गाडीतच ठेवा, पाण्याची बाटली आणि भिंग जवळ असू द्या, आणि हाडाच्या मागे धावण्याआधी जवळच्या नाल्याच्या कापात उतरून लाल थर कुठे संपतो आणि हिरवा कुठे लागतो ते शोधा.